झिरो मेष्ट्रूंची गाडी

ज्या सकाळी जयसिंगरावांच्या गाडीवर ‘बेवारस’ असा कागद चिकटवला गेला, त्या सकाळी जयसिंगराव घरातच होते, जिवंत होते आणि उप्पीट खात होते. हे तिन्ही मुद्दे त्यांनी पुढे प्रत्येक कचेरीत याच क्रमानं मांडले. कुणी ते लिहून घेतले नाहीत, हा भाग वेगळा.

कागद कानडीत होता. जयसिंगरावांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, तेव्हा कानडी वाचायला अडचण नव्हती. अडचण अर्थाची होती. सार्वजनिक रस्त्यावर पडून असलेलं हे वारस नसलेलं वाहन आठवड्याच्या आत हलवावं, नाहीतर जप्त होईल, असं त्यात म्हटलं होतं. जयसिंगरावांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि आत येऊन बायकोला म्हणाले, “सोयरा, मी मेलोय.”

“उप्पीट गार होतंय,” सोयराबाई म्हणाल्या.

गाडी पिस्ता रंगाची, जुन्या चौकोनी घाटाची. जयनगरात, घराजवळच्या उताराच्या रस्त्यावर, करंजाच्या झाडाखाली, तोंड चढाकडे करून ती उभी होती. एके काळी ती घराच्या आवारात असे. मग बोअरवेल मारायची वेळ आली आणि ‘दोन दिवसांसाठी’ म्हणून ती बाहेर काढली. ते दोन दिवस अजून संपायचे होते. तोवर आवारातल्या तिच्या जागेत भाडेकरूंच्या दुचाक्या आल्या, पाण्याचं पिंप आलं, न लागणाऱ्या कुंड्या आल्या. इकडे गाडीवर दर वर्षी करंजाची फुलं पडत राहिली. भाजीवाले पत्ता सांगताना ‘पिस्ता कारच्या समोर’ म्हणू लागले. शेजारचे शेषगिरी, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, तिच्या बॉनेटवर पेपर पसरून वाचायचे. एवढी गाडीची समाजात ऊठबस होती, आणि तिला बेवारस?

मुलगा अभिराज शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला राहायचा. त्याला फोन केला तर तो म्हणाला, “बाबा, बरंच झालं की. मी स्क्रॅपवाल्याला सांगतो. ॲपवर होतं सगळं. ते येतात आणि घेऊन जातात.”

“उद्या मलाही घाल ॲपवर,” जयसिंगराव म्हणाले आणि फोन ठेवला.

इथे जयसिंगरावांचा पेशा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्या पेशापायी झालं. ते पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. सगळा जन्म त्यात गेला. बल, गती आणि कार्य हा धडा त्यांचा खास. वर्गात ते भिंतीला दोन्ही हात लावून उभे राहत, दात-ओठ खात भिंत ढकलत, कपाळावरचा घाम बोटानं निपटून पोरांना दाखवत आणि विचारत, “भिंत हलली? नाही. विस्थापन शून्य. मग मी काय काम केलं? झिरो!” पोरं टाळ्या वाजवत. त्यांचं नाव कॉलेजात ‘झिरो मेष्ट्रु’ पडलंय हे सगळ्या जयनगराला ठाऊक होतं. मेष्ट्रु म्हणजे मास्तर, हे जयसिंगरावांना ठाऊक होतं. बाकीचं कुणी त्यांच्या तोंडावर बोललं नव्हतं.

ते बोललं गेलं कचेरीत. पहिल्या कचेरीत त्यांना विचारलं, “गाडीची नोंदणी चालू आहे?” मुदत संपली होती. “मग नूतनीकरण करून आणा, नोटीस मागे घेऊ.” ते दुसऱ्या कचेरीत गेले. तिथे म्हणाले, “नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला आणा.”

“रस्त्यावरून आणू?”

“नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर कशी आणाल? दंड होईल.”

“मग काय करू?”

“नूतनीकरण करून घ्या.”

गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकवाल्याला विचारलं, तर तोही म्हणाला, कागद चालू असतील तर नेतो. जयसिंगराव कचेरीच्या व्हरांड्यात उभे राहिले. चहूकडून सारखी बलं लागली की वस्तू जागची हलत नाही, हे त्यांनी हजारो पोरांना शिकवलं होतं. ती वस्तू आपणच असू, असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात खिडकीमागचा टक्कल पडलेला माणूस त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाला, “सर, तुम्ही झिरो मेष्ट्रु ना?”

सगळी रांग वळली.

“मी तुमचा विद्यार्थी, सर. कार्याच्या प्रश्नाला मी चार पानं लिहिली होती. तुम्ही खाली शेरा मारलात, ‘घाम दिसतो, विस्थापन दिसत नाही.’ आणि झिरो दिलात.”

“बरं मग?” जयसिंगराव आशेनं म्हणाले. गुरुशिष्याचं नातं कामाला येईल असं त्यांना क्षणभर वाटलं होतं.

“मग काही नाही, सर. पुढच्या खिडकीवर विचारा.”

पुढच्या खिडकीवर जेवणाची सुट्टी होती.

घरी येईपर्यंत जयसिंगरावांना उपाय सुचला होता. रस्त्यावर नसलेल्या गाडीला रस्त्यावरचं बेवारस वाहन म्हणता येत नाही. गाडी आवारात घ्यायची, संपला विषय. फाटक फार लांब नव्हतं. दोन घरांच्या दर्शनी भिंतींइतकं अंतर. फक्त चढ होता. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गाडीचं वजन, रस्त्याचा उतार आणि चाकांचं घर्षण मांडलं आणि तीन मध्यम माणसं पुरतील असं उत्तर काढलं. या तिघांत त्यांनी स्वतःला धरलं नव्हतं. कुणीतरी स्टीअरिंगवर बसायला हवं होतं, आणि हुद्द्याप्रमाणे ते काम त्यांच्याकडे येत होतं.

गल्लीत बातमी पसरायला गणित लागत नाही. संध्याकाळी शेषगिरी आले. ते कानडीत बोलत आणि सल्ला देताना हात पाठीमागे बांधत. म्हणाले, “मेष्ट्रे, ढकलू नका. अमावस्या होऊ द्या.” त्यांच्या पत्नी वसुमती म्हणाल्या, अमावस्येचं काही नाही, पण गाडीखाली मांजर व्यालंय, आधी तिची सोय बघा. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू बिंदुमाधव पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. तो म्हणाला, “काका, टेक्निकली काय आहे ना, आपण एक ग्रुप करू व्हॉट्सॲपवर. ‘पुश पिस्ता’. संडेला स्लॉट ठरवू.” ग्रुप झाला. त्यात लोकांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या, अंगठे दाखवले, कुणीतरी अजिबात संबंध नसलेला फुलांचा फोटो टाकला. कोण येणार ते मात्र कुणी लिहिलं नाही.

रविवारी सकाळी मांजराची पिल्लं टोपलीत घालून वसुमतींच्या घरी गेली आणि मोहिमेला सुरुवात झाली. बिंदुमाधव होता, शेषगिरी होते, फिरायला निघालेले दोघे पायजमावाले गृहस्थ अडकवून घेतले होते. चाकांत हवा भरली होती. जयसिंगराव इस्त्रीचा शर्ट घालून स्टीअरिंगवर बसले, खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले, “लक्षात ठेवा, सुरुवातीलाच जोर लागतो. एकदा हलली की पुढे सोपं आहे. हं, ढकला!”

गाडी ढिम्म.

“अजून!”

बिंदुमाधवचा चेहरा लाल झाला, पायजमावाल्यांपैकी एकाची चप्पल तुटली. गाडीनं फक्त थोडी करंजाची पानं खाली टाकली.

जयसिंगरावांनी आरशात पाहिलं. शेषगिरी मागून न ढकलता बाजूच्या दाराला खांदा लावून उभे होते.

“शेषगिरी, तुमचं बल गतीच्या दिशेशी काटकोनात लागतंय. कोसाइन नव्वद म्हणजे शून्य. तुमच्या ढकलण्याचा उपयोग शून्य आहे!”

शेषगिरींनी खांदा काढला. बँकेत मॅनेजर असताना त्यांना कुणी शून्य म्हटलं नव्हतं. “मेष्ट्रे,” ते शांतपणे म्हणाले, “तुमचं वजन किती?”

“का?”

“आम्ही चार माणसं गाडी ढकलतोय की तुम्हाला?”

पायजमावाले हसले. बिंदुमाधवनं हसू दाबलं, पण दाबलेलं हसू जास्त दिसतं. जयसिंगराव खाली उतरले. उतरताना त्यांचा गुडघा हँडब्रेकला लागला, आणि हँडब्रेक ओढलेलाच होता हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. त्यांनी तो सोडायचा प्रयत्न केला. तो गंजून तसाच अडकला होता.

तो रविवार तिथेच संपला. पायजमावाल्यांना तुटलेल्या चपलेबद्दल कॉफी द्यावी लागली. रात्री जयसिंगरावांनी ग्रुपवर ‘तांत्रिक कारणामुळे स्थगित’ असं लिहिलं. खाली कुणीतरी पुन्हा फुलं टाकली.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा मेकॅनिक दामोदर आला. गाडीखाली बराच वेळ ठोकाठोकी करून तो बाहेर आला आणि म्हणाला, “सर, ब्रेक सोडवले. म्हणजे आता चारी चाकं मोकळी, ब्रेकच नाहीत. मागच्या चाकाला दगड लावलाय. मी दोरखंड आणि एक पोरगा घेऊन येतो, मग हलवू. तोवर हात लावू नका.”

“सरी, सरी, ठीक आहे,” जयसिंगराव म्हणाले.

त्यांनी थांबायला हवं होतं. हे वाक्य त्यांनी पुढे मनाशी इतक्यांदा म्हटलं, की त्यातले शब्द झिजून गेले. पण त्या सकाळी दामोदर यायला उशीर करत होता. बिंदुमाधव कामाला जायच्या आधी खाली आला होता, कालचे पायजमावाले आज पँट घालून पुन्हा उगवले होते, आणि शेषगिरी, अपमान गिळून की आणखी एखादा बघायला मिळेल म्हणून, फाटकात उभे होते. एवढी माणसं पुन्हा कधी एकत्र मिळणार?

प्रश्न स्टीअरिंगचा होता. जयसिंगराव आता बसणार नव्हते. वजनाचा मुद्दा त्यांना लागला होता.

“हलकं कोण आहे?” बिंदुमाधवनं विचारलं.

सगळ्यांनी सोयराबाईंकडे पाहिलं. त्या पदराला हात पुसत फाटकाशी आल्या होत्या.

“मी?” त्या म्हणाल्या.

“नुसतं धरून बसायचंय, अगं,” जयसिंगराव म्हणाले. “सरळ. काही करायचं नाही.”

सोयराबाईंनी गाडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “सरी. बसते की.”

सोयराबाई गाडी चालवायला शिकल्या होत्या, हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. गाडी नवी होती तेव्हा त्या हौसेनं क्लासला गेल्या, पहिल्या खेपेला परीक्षा पास झाल्या. मग जयसिंगराव शेजारी बसू लागले. ते ओरडत नसत. ते समजावून सांगत. वळणावर, चढावर, सिग्नलला, प्रत्येक ठिकाणी काय व्हायला हवं होतं आणि काय झालं यातला फरक ते सांगत. एक दिवस बाजाराच्या रस्त्यावर सोयराबाईंनी गाडी बाजूला घेतली, किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, मी फुलं घेऊन येते. त्यानंतर त्या कधी स्टीअरिंगवर बसल्या नाहीत. “तिलाच आवड नाही,” जयसिंगराव लोकांना सांगत, आणि हे त्यांना खरंच वाटे.

आता त्या बसल्या. सीटवरची धूळ त्यांनी पदरानं झटकली, आरसा हातानं थोडा फिरवला, किल्ली लावून स्टीअरिंग मोकळं केलं आणि दोन्ही हात चाकावर ठेवले.

“ढकला!”

आणि गाडी हलली. करंजाखाली तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उघडा पडला. वसुमतींनी टाळ्या वाजवल्या. शेषगिरी या वेळी बरोबर मागून ढकलत होते. पहिलं घर पार झालं. तिथे सगळे धापा टाकत थांबले, जयसिंगरावांनी चपळाईनं दगड मागच्या चाकाला लावला, आणि वसुमतींनी पेल्यांतून कॉफी आणली. सोयराबाईंना खिडकीतून पेला दिला. त्या स्टीअरिंगवर बसून कॉफी पीत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की वसुमती म्हणाल्या, “अक्का, एक फोटो काढते.” फोटो काढलाही.

“आता शेवटचा टप्पा,” जयसिंगराव म्हणाले. “मी मोजतो. तीनला ढकलायचं.”

दगड काढायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं; मघा तो मागे राहून आणायला धावावं लागलं होतं, म्हणून या वेळी तो आधीच काढून हाताशी घ्यायचा होता. दगडावर गाडीचा भार आलेला होता, तो हातानं निघणार नव्हता. त्यासाठी त्यांनी पहार आणली होती. तरफेचा नियम: एका टोकाला थोडं बल, दुसऱ्या टोकाला मोठं काम. दगड निघायला क्षणभर वेळ लागेल, म्हणून पहार दोनलाच दाबावी, म्हणजे तीनला माणसांचा जोर आणि मोकळं चाक एकदम जुळेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. ते कुणाला सांगायचं राहिलं.

“एक!”

पँटवाल्या गृहस्थानं पेला कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला. बिंदुमाधवचा फोन वाजला.

“दोन!”

पहार दाबली गेली. जयसिंगरावांच्या सगळ्या कारकिर्दीत एखादा प्रयोग पहिल्याच खेपेला इतका उत्तम साधला नव्हता. दगड बेडकासारखा उडाला. गाडीच्या मागे त्या वेळी कुणीही नव्हतं. सगळे तीनची वाट बघत बाजूला उभे होते. गाडी एकदा हळूच कुरकुरली आणि मागे, उताराकडे निघाली.

“ब्रेक! सोयरा, ब्रेक दाब!” जयसिंगराव ओरडले. ब्रेक नाहीत हे दामोदरनं सांगितलेलं एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

उताराच्या तळाशी मोठा रस्ता होता. तिथून बस जात होत्या. एक, तिच्यामागे दुसरी. गाडीला वेग येत चालला. गल्लीच्या मध्यावर शहाळ्यांची हातगाडी उभी होती; शहाळीवाला कोयता हातात धरून नुसता बघत राहिला. जयसिंगराव पहार घेऊन धावत होते. पहार टाकून द्यावी हे त्यांना सुचत नव्हतं. आयुष्यभर खडूनं फळ्यावर काढलेला तो उतार, त्यावरची ती चौकटीसारखी गाडी, तिच्यावर काढलेले बाण, सगळं त्यांच्यासमोर होतं, आणि त्या चौकटीच्या आत सोयरा बसली होती. फळ्यावरच्या गाडीत कधी कुणी बसलेलं नसे.

सोयराबाईंनी कॉफीचा पेला खिडकीबाहेर टाकला. मग डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकून, सगळं अंग मागे वळवून, एका हातानं चाक धरलं. मागच्या काचेतून, करंजाच्या सुकलेल्या फुलांमधून, त्या बघत होत्या. शहाळ्यांच्या गाडीला त्यांनी वळसा घातला. डिलिव्हरीवाल्याची स्कूटर आली, तिला जागा दिली. मोठ्या रस्त्याच्या अलीकडे उजवीकडे एक आडवी गल्ली फुटते; ती गणपतीच्या देवळाकडे चढत जाते. तिथे त्यांनी चाक फिरवलं. मागची चाकं किंचाळत वळली, गाडी त्या चढावर मागल्या तोंडानं चढली, मंद झाली, आणखी मंद झाली आणि कुणाच्यातरी बांधकामाच्या वाळूच्या ढिगापासून हातभर अंतरावर थांबली. थांबल्यावर ती पुन्हा उताराकडे घसरणार, तेवढ्यात सोयराबाईंनी पुढची चाकं फुटपाथच्या कडेला वळवून टेकवली.

कुणाला खरचटलंही नाही.

मागून सगळे धावत आले. शहाळीवाला आला, देवळासमोरची फुलवाली आली. बिंदुमाधव “ओह माय गॉड, काकू! काकू!” एवढंच म्हणत होता. शेषगिरींनी दोन्ही हात जोडले होते. सोयराबाई आत बसून होत्या. केस सुटले होते, छाती वरखाली होत होती, पण डोळे असे चमकत होते, की त्या लग्नातल्या फोटोत आहेत तशा दिसत होत्या.

शेवटी जयसिंगराव पोचले. पहार अजून हातात होती. त्यांना धाप लागली होती. सगळे त्यांच्याकडे बघत होते. सोयराबाईही बघत होत्या. जयसिंगरावांच्या छातीत त्या क्षणी काय नव्हतं! भीती होती, सुटका होती, आणि अभिमान तर इतका होता, की तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले,

“वळताना चाक जरा आधी फिरवायला हवं होतं.”

फुलवालीला मराठी येत नव्हती, पण तिलाही ते कळलं असावं. शेषगिरी हळू आवाजात म्हणाले, “स्वल्प सुम्निरी, मेष्ट्रे. जरा गप्प बसा हो.”

सोयराबाईंच्या चेहऱ्यावरचं ते काहीतरी दिवा मालवावा तसं गेलं. त्या उतरल्या, पदर सारखा केला, किल्ली काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि चढावरून घराकडे चालू लागल्या. वसुमती त्यांच्याबरोबर गेल्या.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. गाडी आता भलत्याच घरासमोर, भलत्याच दिशेला, अर्धी फुटपाथला लागून उभी होती. दामोदर दोरखंड घेऊन आला तेव्हा त्याला सगळी हकीकत सांगण्याची जबाबदारी कुणीही घेतली नाही. तो म्हणाला उद्या बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरच्या मालकानं तक्रार केली, आणि ज्या ट्रकला इतके दिवस कागद हवे होते तसलाच एक ट्रक एकही कागद न मागता गाडी उचलून घेऊन गेला. जयसिंगराव देवळाच्या पायरीवर उभे राहून बघत होते. “थांबा” म्हणायला ते पुढे झाले होते, पण गाडी उचलली गेली तेव्हा तिची पुढची चाकं अजून सोयराबाईंनी वळवली होती तशीच वळलेली दिसली, आणि त्यांचं पाऊल अडलं.

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. सोयराबाई नेहमीसारखा स्वयंपाक करत, नेहमीसारखं बोलत. गल्लीत मात्र त्यांचं नाव झालं होतं. शेषगिरी रोज कंपाउंडवरून हाक मारून विचारत, “काय अक्का, आज कुठली गाडी?” आणि त्या मोठ्यानं हसत. जयसिंगराव आत पेपर धरून ते हसणं ऐकत. वाक्य तयार होतं त्यांच्याजवळ. अगदी साधं, ‘तू फार छान चालवलीस’ एवढंच. जेवताना त्यांनी एकदा सुरुवातही केली.

“सोयरा, त्या दिवशी तू...”

“काय?”

“सांबार वाढ थोडं.”

वर्गात तासन्‌तास न अडखळता बोलणाऱ्या माणसाला चार शब्द घशातून वर आणता येईनात. जितका जोर लावावा तितकं वाक्य खोल जाई. अभिराजचा फोन आला; तो म्हणाला, बाबा, गेली ती बरी गेली. जयसिंगराव म्हणाले, नाही, मी सोडवून आणणार. वाक्य जमत नाही तर निदान गाडी तरी तिच्यापुढे आणून उभी करावी, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं.

जप्त गाड्यांचं आवार शहराबाहेर, येलहंकाच्या पुढे होतं. तिथल्या माणसानं रजिस्टर उघडलं आणि विचारलं, “मालक कोण?” आजवरच्या कुठल्याही कचेरीत हा प्रश्न निघालाच नव्हता.

“माझी बायको,” जयसिंगराव म्हणाले. शुभ म्हणून गाडी तिच्या नावावर घेतली होती.

“मग तुमचा काय संबंध? त्यांना घेऊन या.”

म्हणून दोघं गेली. उन्हात गाड्यांच्या रांगा होत्या, चाकांमधून गवत वाढलं होतं. पिस्ता गाडी कडेला होती. सोयराबाईंनी तिच्या छपरावरून हात फिरवला, हाताला लागलेली धूळ पाहिली. त्या माणसानं सांगितलं, सोडवायची असेल तर ही प्रक्रिया, मोडीत द्यायची असेल तर इथे सही.

जयसिंगराव पुढे झाले.

“सोडवू या,” ते म्हणाले. “दामोदर ब्रेक नवे घालून देईल. तू चालव. मी शेजारी बसणार नाही. बसलो तरी... काही बोलणार नाही.”

सोयराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. बराच वेळ, एखादा ओळखीचा माणूस परक्या गावात भेटावा तसं पाहिलं.

“हे तेव्हा म्हणायचं होतं हो,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी मान मागे कशी वळली, देवाला ठाऊक. त्यानंतर आठ दिवस दुखत होती. तुम्हाला बोलले नाही.” मग त्या माणसाकडे वळून कानडीत म्हणाल्या, “सही कुठे करायची?”

त्यांनी सही केली. जयसिंगराव गाडीकडे तोंड करून उभे राहिले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

तिथून हेब्बाळला अभिराजकडे जेवायला जायचं होतं. रिक्षा केली. रिक्षावाला तरुण होता, घाईत होता, बसच्या आणि ट्रकच्या फटीतून रिक्षा काढत होता. सोयराबाई बाहेर बघत नव्हत्या. त्यांचे डोळे त्याच्या हातांवर होते. पुढे काही आडवं आलं की त्यांचा उजवा पाय रिक्षाच्या पत्र्यावर अलगद दाबला जाई, आणि रस्ता मोकळा झाला की सुटे. हे त्यांच्या त्यांनाही कळत नव्हतं. जयसिंगरावांना दिसत होतं. प्रत्येक वेळी तो पाय अचूक क्षणी दाबला जात होता, ना आधी, ना उशिरा. हे तिला सांगावं असं त्यांना फार वाटलं. रस्ताभर ते तोंड उघडत राहिले आणि मिटत राहिले, आणि हेब्बाळ आलं.